जिभेचा हिशेब

गोमंतकातील ख्रिस्ती घरांत सायंकाळी चर्चची घंटा झाली, 'तेर्स' म्हणून संपला, की मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे जाऊन 'बेसांव' मागायचे, अशी जुनी रीत आहे. बेसांव म्हणजे आशीर्वाद. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि कोकणीच्या घरात येऊन इथलाच झाला. आजी मुलाच्या मस्तकावर हात ठेवते, दोन शब्द पुटपुटते, आणि ते मूल जणू काही हाती घेऊन परतावे तसे समाधानाने परतते. आभार मानतानाही गोमंतकीय माणूस, मग तो हिंदू असो वा ख्रिस्ती, 'देव बरें करूं' असेच म्हणतो. त्या तीन शब्दांत आभाराचा कोरडा उपचार नाही, समोरच्या माणसासाठी केलेली ती एक छोटीशी प्रार्थनाच आहे. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर या शब्दांनी काय घडते? कोणाच्या पदरात एक कवडीही पडत नाही. तरीही काही तरी दिले गेले आणि काही तरी घेतले गेले, याविषयी देणाऱ्याला वा घेणाऱ्याला तिळमात्र शंका नसते.

उच्चारलेला शब्द ही केवळ वाऱ्यावर विरणारी लहर नसून ती एक कृती आहे, हा विचार ख्रिस्ती धर्माच्या अगदी मुळाशी आहे. ज्या काळात बोलणे विलक्षण सोपे आणि विलक्षण स्वस्त झाले आहे, खिशातल्या यंत्रावर बोट टेकवताच एकाचे वाक्य हजारांच्या कानी पडते, त्या काळात या विचाराकडे पुन्हा वळणे अगत्याचे आहे. तो केवळ ख्रिस्ती बांधवांच्या उपयोगाचा आहे असेही नाही. वाणीला देवता मानणाऱ्या आपल्या समाजाला तर तो परका वाटण्याचे कारणच नाही.

बायबलचा आरंभच मुळी बोलण्याने होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर हाताने माती घडवण्याच्या आधी बोलतो, आणि त्याच्या बोलण्याबरोबर प्रकाश होतो, आकाश होते, भूमी आणि समुद्र वेगळे होतात. ज्या हिब्रू भाषेत हा मजकूर लिहिला गेला, त्या भाषेतील 'दाबार' या शब्दाचा अर्थ शब्द असाही होतो, आणि घडलेली गोष्ट असाही. बोलणे आणि करणे यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी करतो, ती त्या प्राचीन लोकांना ठाऊक नव्हती. नव्या करारातील योहानाचे शुभवर्तमान हेच सूत्र पुढे नेते. सृष्टीच्या आरंभी शब्द होता, तो देवाजवळ होता, आणि तोच पुढे मानवदेह धारण करून माणसांत येऊन राहिला, असे ते सांगते. येशू ख्रिस्त हा ख्रिस्ती श्रद्धेने देवाचा उपदेश घेऊन आलेला केवळ दूत नव्हे. तो स्वतःच देवाचा उच्चारलेला शब्द आहे.

शब्दब्रह्माची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या वाणीच्या चार पायऱ्या ज्यांनी लहानपणापासून ऐकल्या आहेत, त्यांना येथे एक ओळखीचा स्वर ऐकू येईल. साम्य आहे, पण भेदही लक्षात ठेवला पाहिजे. आपल्याकडील मंत्रविचारात सामर्थ्य बहुशः ध्वनीत आणि त्याच्या शुद्ध उच्चारात मानले गेले. ख्रिस्ती विचारात ते बोलणाऱ्याच्या सत्यतेत आणि त्याने दिलेल्या वचनाच्या निष्ठेत आहे. शब्दाला बळ येते ते त्यामागे उभ्या असलेल्या व्यक्तीमुळे. एरव्ही तो वाजणारी पितळच.

जुन्या करारातील इसहाकाची कथा या दृष्टीने मननीय आहे. इसहाक वृद्ध झाला आहे, त्याची दृष्टी गेली आहे. थोरला पुत्र एसाव याला आशीर्वाद द्यावा, अशी त्याची इच्छा. परंतु धाकटा याकोब अंगावर करडांची कातडी बांधून, थोरल्याचे सोंग घेऊन पित्यापुढे जातो आणि तो आशीर्वाद मिळवतो. कपट उघडकीस येते, एसाव टाहो फोडतो, पण इसहाक दिलेला शब्द परत घेऊ शकत नाही. आजच्या कायद्यात फसवणुकीने झालेला करार रद्द ठरवता येतो. त्या कथेतील माणसांना मात्र असा प्रश्नच पडत नाही. बाण सुटला तो सुटला. आज ही कथा अन्यायाची वाटली तरी तिच्यातील एक गोष्ट कोणालाही नाकारता येणार नाही. बोललेला शब्द बोलणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. चूक कळली, पश्चात्ताप झाला, तरी जे कानात शिरले ते बाहेर काढता येत नाही.

नव्या करारात जिभेविषयीचा सर्वांत कठोर विचार याकोबाच्या पत्रात आढळतो. घोड्याला वळवणारा लहानसा लगाम, मोठे जहाज फिरवणारे सुकाणू आणि अरण्य पेटवणारी ठिणगी, या तीन उपमांनी तो जिभेचे वर्णन करतो. माणसाने पशू, पक्षी, जलचर सारे वश केले, पण जीभ वश करणे त्याला साधले नाही, ही त्याची खंत आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेनुसार घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, ही विसंगती त्याला सहन होत नाही. एका झऱ्यातून गोडे आणि खारे पाणी कसे निघेल, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

येशूने तर शुद्धाशुद्धतेची कल्पनाच उलटी केली. तोंडात काय जाते याने माणूस विटाळत नाही, तोंडातून काय बाहेर येते याने विटाळतो, ही त्याची शिकवण आहे. सोवळ्याओवळ्याचे शास्त्र ज्या ज्या समाजात वाढले, त्या त्या समाजाने हे वाक्य घराच्या उंबरठ्यावर कोरून ठेवावे, इतके ते मोलाचे आहे. याहून धाक वाटावा अशी त्याची दुसरी शिकवण म्हणजे, माणसाला न्यायाच्या दिवशी त्याच्या प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. येथे केवळ खोट्या किंवा दुष्ट शब्दांचा उल्लेख नाही. सहज, बेफिकिरीने, वेळ घालवण्यासाठी बोललेल्या शब्दांचाही हिशेब आहे. ही कसोटी लावली, तर आपल्यापैकी किती जणांची वही कोरी निघेल?

शब्दाच्या सामर्थ्याचे आणि माणसाच्या दुबळेपणाचे एकत्र दर्शन घडते ते पेत्राच्या चरित्रात. येशू हा ख्रिस्त आहे, हे ज्या मुखाने आधी स्पष्टपणे उच्चारले, त्याच मुखाने अंगणातल्या शेकोटीपाशी, एका दासीच्या प्रश्नापुढे, आपण त्याला ओळखतही नाही असे तीनदा सांगितले. या प्रसंगातील एक बारकावा भाषेच्या अभ्यासकाला रुचावा असा आहे. पेत्राचे बोलणेच त्याला उघडे पाडते. त्याची गालीली बोली ऐकून भोवतालचे लोक म्हणतात, हा त्यांच्यातलाच दिसतो. जीभ नाकारत होती, पण जिभेवरची बोली साक्ष देत होती.

चर्चच्या विधींतही उच्चारलेल्या शब्दाला असेच निर्णायक स्थान आहे. बाप्तिस्म्याला पाणी लागते, पण पाण्यासोबत ठराविक शब्द नसतील तर तो बाप्तिस्मा होत नाही. कॅथलिक विवाहात धर्मगुरू हा केवळ चर्चचा साक्षीदार. विवाह घडतो तो वधूवरांनी परस्परांना दिलेल्या संमतीच्या शब्दाने. पापनिवेदनाचा विधी तर सर्वस्वी बोलण्याऐकण्याचा. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला, आणि त्याच नियमात धर्मगुरूने ऐकलेले कोणापुढेही उघड करू नये, असे कडक बंधन घातले. एकाने मोकळेपणे बोलावे, म्हणून दुसऱ्याने कायमचे मौन पाळावे, असा हा विलक्षण तोल आहे. बोलण्याइतकेच न बोलणे हीसुद्धा वाणीची शक्ती आहे. हेरोदापुढे उभा असलेला येशू एका शब्दानेही उत्तर देत नाही, आणि त्या मौनापुढे हेरोदाचा सारा दरबार पोकळ ठरतो.

हा सारा विचार गोमंतकात रुजला तो कानावाटे. 1542 मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत आणि धर्मशिक्षण गाऊन शिकवीत. त्यांच्यानंतर 1579 मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने तर मराठीवर कायमचे ऋण करून ठेवले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांचा पुराणश्रवणाचा आधार तुटला होता. त्यांच्या कानांना ओवीची सवय होती, आणि ती पोकळी लॅटिन प्रार्थनांनी भरून निघणारी नव्हती. स्टीफन्सनी हे ओळखले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. 1616 मध्ये ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. वैकुंठ, परमेश्वर, तीर्थ यांसारखे आपल्या संतांच्या तोंडचे शब्द त्यांनी निःसंकोचपणे ख्रिस्ती आशयासाठी वापरले. हा ग्रंथ मनात वाचण्यासाठी नव्हता, लोकांपुढे मोठ्याने म्हणण्यासाठी होता. तो सतराव्या शतकात आणखी दोनदा, 1649 आणि 1654 मध्ये छापला गेला, यावरून त्याचा श्रोतृवर्ग केवढा असेल याची कल्पना येते. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या देशोदेशीच्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, असे बायबल सांगते. स्टीफन्सनी साष्टीच्या माणसाला तो अनुभव दिला. पुढे तीन शतकांनी, 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन यांच्याद्वारे तीच वाट महाराष्ट्रात पुन्हा चोखाळली.

परंतु इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा सत्याशी द्रोह होईल. ज्या सत्तेच्या छायेत क्रिस्तपुराण जन्मले, त्याच सत्तेने 27 जून 1684 च्या फर्मानाने येथील लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम केला. माणसाच्या तोंडातील भाषा काढून घेणे म्हणजे त्याचा श्वासच हिरावणे. आणि ज्या धर्मात खोटी साक्ष न देण्याची आज्ञा दहा आज्ञांपैकी एक आहे, त्याच धर्माच्या नावाने 1560 पासून 1812 पर्यंत, मधला अल्पसा खंड वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन चालले. त्या न्यायासनाचा पाया होता कुजबूज. आरोपीला त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याचे नाव कळत नसे. शेजाऱ्याने केलेली चुगली, घरात सहज बोललेले वाक्य, एखाद्या जुन्या चालीरीतीचा उल्लेख, एवढ्यावरून माणूस कोठडीत जाई. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला दमण येथे धर्मविषयक गोष्टींवर केलेली मोकळी चर्चा अशीच भोवली. 1676 च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावण्यात आली, आणि सुटकेनंतर 1687 मध्ये त्याने लिहिलेल्या पुस्तकाने साऱ्या युरोपला गोव्याच्या या न्यायासनाची ओळख करून दिली. वाणीचे एवढे माहात्म्य गाणाऱ्या धर्माच्या अनुयायांनीच वाणीला एवढे भयाचे साधन बनवावे, ही केवढी शोकांतिका! पण त्यामुळे मूळ शिकवण खोटी ठरत नाही. उलट ती किती खरी होती, हेच सिद्ध होते.

ख्रिस्ती नीतिशास्त्राने जिभेच्या अपराधांचा जो सूक्ष्म विचार केला आहे, तो येथे मुद्दाम सांगावासा वाटतो. एखाद्याविषयी खोटे बोलून त्याची अब्रू घेणे हे पाप, हे कोणीही सांगेल. परंतु एखाद्याचा खरा दोषसुद्धा, काही सबळ कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे, हेही पापच आहे, असे हे शास्त्र मानते. 'मी खोटे कुठे बोललो?' हा आपला नेहमीचा बचाव तेथे टिकत नाही. तेराव्या शतकातील थोर तत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस याने तर ऐकणाऱ्यालाही सोडले नाही. निंदा चालू असताना जो ती मिटक्या मारीत ऐकतो आणि रोखू शकत असूनही रोखत नाही, तो त्या पापात सहभागी होतो, असे त्याने बजावले. शिवाय चोराने जसा माल परत केला पाहिजे, तसे निंदकाने ज्याचे नाव बुडवले त्याचे नाव पूर्ववत करण्याचा प्रयत्न केला पाहिजे. देवापाशी क्षमा मागून भागत नाही, माणसाची भरपाई करावी लागते. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हा भरपाईचा दंडक कायम आहे.

पण ही भरपाई साधावी कशी? सोळाव्या शतकातील रोमचे संत फिलिप नेरी यांच्याविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. निंदा करण्याची सवय असलेली एक बाई त्यांच्यापाशी पापनिवेदनास आली. त्यांनी तिला सांगितले, बाजारातून कोंबडी आण आणि वाटेने तिची पिसे उपटत ये. तिने तसे केले. तेव्हा ते म्हणाले, आता परत जा आणि ती सारी पिसे वेचून आण. वाऱ्याने पांगलेली पिसे ती कुठून वेचणार! याच नेरींच्या ऑरेटरीची पद्धत सतराव्या शतकात गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वीकारली. त्यांतील बाणावलीशी जन्मनाते असलेले जोसेफ वाझ (1651–1711) डच सत्तेने कॅथलिकांना बंदी घातलेल्या श्रीलंकेत वेषांतर करून गेले, तमिळ आणि सिंहली शिकले, आणि तलवारीच्या वा राजसत्तेच्या आधारावाचून केवळ शब्द आणि सेवा यांच्या बळावर त्यांनी विखुरलेले लोक एकत्र केले. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. सत्तेच्या आधाराने बोललेला शब्द आणि सत्तेविना बोललेला शब्द यांत कोणता टिकतो, याचे उत्तर गोमंतकाच्या इतिहासातच असे लिहून ठेवले आहे.

त्याच इतिहासाचे अखेरचे पान मुक्तिलढ्याचे आहे. सालाझारच्या राजवटीला बंदुकीपेक्षा बोलण्याचे भय अधिक होते. वृत्तपत्राच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची नजर असे. 18 जून 1946 रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया बंदी मोडून बोलण्यास उभे राहिले. त्यांना अटक झाली, भाषण तोडले गेले, पण लोकांच्या तोंडाचे कुलूप त्या दिवशी निघाले ते कायमचे. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. 25 नोव्हेंबर 1955 पासून सीमेवरील सह्याद्रीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त नभोवाणी चालवली, ती मुक्तीच्या दिवसापर्यंत. एक हिंदू तरुण आणि एक ख्रिस्ती तरुणी, यांचे दोन आवाज सहा वर्षे कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून गोमंतकीयांना धीर देत राहिले. 19 डिसेंबर 1961 रोजी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, गोवा मुक्त झाल्याची वार्ता आकाशातून खाली आली, तीही याच लिबिया लोबो यांच्या तोंडून. त्या दोघांपाशी शस्त्र नव्हते. त्यांचा शब्द खरा होता, आणि त्याची किंमत मोजण्याची त्यांची तयारी होती. शब्दाला सामर्थ्य येते ते याच दोन गोष्टींनी.

ज्या स्वातंत्र्यासाठी एवढी किंमत मोजली, ते बोलण्याचे स्वातंत्र्य आज आपण कसे वापरतो? बातमी खरी की खोटी हे न पाहता ती दहा जणांकडे धाडायची, एका व्यक्तीच्या अपराधावरून तिच्या साऱ्या जमातीला दूषणे द्यायची, शतकांपूर्वीच्या जखमांवरची खपली काढून आजच्या शेजाऱ्याला जाब विचारायचा. हे करताना आपल्याला वाटते की आपण केवळ बोलत आहोत, काही करीत नाही. इन्क्विझिशनच्या साक्षीदारालाही बहुधा असेच वाटत असावे. निनावी चुगलीचे ते न्यायासन 1812 मध्ये बंद झाले खरे, पण नाव लपवून दुसऱ्याची अब्रू घेण्याची सोय आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्या गावात देवळाचा उत्सव आणि चर्चचे फेस्त एकाच वाटेवरून जाते, त्या गावात एक ठिणगी पुरेशी असते. याकोबाने ती उपमा उगाच वापरली नव्हती.

यावर कायद्याचा बडगा हा उपाय आम्हांला पुरेसा वाटत नाही. बोलण्यावर सरकारी पहारा बसवला की काय होते, ते या भूमीने चारशे वर्षे पाहिले आहे. पहारा हवा तो ज्याचा त्याने आपल्या ओठांवर बसवलेला. बोलण्यापूर्वी, पुढे धाडण्यापूर्वी, माणसाने स्वतःला विचारावे की हे खरे आहे काय, खरे असले तरी ते सांगण्याचे मला कारण आहे काय, आणि त्याखाली मी माझे नाव घालीन काय. ऐकणाऱ्यानेही आपला कान कोणाच्या निंदेला भाड्याने देऊ नये. आणि चुकलेला शब्द ज्या चव्हाट्यावर बोलला गेला, त्याच चव्हाट्यावर तो मागे घेण्याचे धैर्य दाखवावे. सगळी पिसे हाती लागणार नाहीत, पण जी लागतील ती वेचण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही.

शब्दांचा व्यापार हाच ज्यांचा धंदा, त्या राजकीय पुढाऱ्यांना, धर्मोपदेशकांना आणि आम्हां वृत्तपत्रकारांना हा दंडक सर्वांआधी आणि सर्वांहून कठोरपणे लागू होतो. ज्याचा शब्द दूरवर जातो, त्याची वही मोठी. न्यायाचा दिवस कोणी परलोकात मानो, कोणी न मानो. गावाच्या शांततेत, शेजाऱ्याच्या डोळ्यांत आणि उद्याच्या पिढीच्या तोंडच्या भाषेत तो हिशेब रोज मांडला जातच आहे.